खालच्या सप्तकात म नाही

४ मार्च
खालच्या सप्तकात म नाही! ध पण नाही! माउथ ऑर्गन बनवणाऱ्यानेच दिले नाहीत, मी कुठून आणू? मामा म्हणतो, "श्वास ओढून सूर वाकव. सापडेल." दुपारभर ओढला. डोकं गरगरलं आणि म्हैस हंबरल्यासारखा आवाज आला. कार्यक्रमाची हीच धून मधल्या सप्तकात मी झोपेतसुद्धा वाजवते. वरच्या सप्तकात फुंकणं-ओढणं सगळं उलटं — तेही जमतं! मामाचा अख्खा बँड बघत राहतो. मामा? "वरची चिवचिव पुरे. खाली वाजव."

५ मार्च
तेच. खाली, खाली, खाली. विहीर खणायची आहे का याला?

७ मार्च
मामाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या टोकाला शिवून टाकल्या. त्याच्या दुकानाच्या दारात पाच मिनिटं कोटाशी कुस्ती! तरी हसलाच. "टाके सरळ आलेत गं, माकडे." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

९ मार्च
रविवारच्या कार्यक्रमातून मला काढलं. ती धून मी एकटी वाजवणार होते — दोन महिने ओठ सोलून घेतले! आणि हा सगळ्यांसमोर म्हणतो, "तिचं खालचं सप्तक कच्चं आहे. वरचं तर माझ्या कानात शिरतच नाही. मीच वाजवतो." ड्रमवाला दात काढत होता.
थांब. दाखवतेच!

११ मार्च
केलं. मामा वाद्यं दुरुस्त करतो ना? त्याच्याच दुकानातली बारीक कानस घेतली. त्याचा माउथ ऑर्गन उघडला, वरच्या तीन भोकांतल्या पितळी पात्या सूर बिघडेपर्यंत खरवडल्या, स्क्रू परत पिळले. उद्या निघण्याआधी तो वाजवून बघेलच. पहिल्या फुंकरीला दचकेल! मग येईल नाक घासत — "तूच वाजव बाई."

१२ मार्च, रविवार
वाजवून बघितला. माझ्यासमोर, खालपासून वरपर्यंत. वर गेला तसा माउथ ऑर्गन दारात शेपटी सापडलेल्या मांजरासारखा किंचाळला. माझ्याच दातांना शिरशिरी आली. मामा डोळे मिटून मान डोलावत होता. "पक्का सुरात आहे," म्हणाला. आणि कोटाच्या बाहीत हात घातला.
त्याला वरचं ऐकूच येत नाही. लोकांची वाद्यं जुळवणारा माझा मामा!

तासाभराने
त्याचा माउथ ऑर्गन माझ्या मोज्यात आहे. तो घर उलथंपालथं करतोय — "माकडे, आज नको गं!" ओरडू दे. ते किंचाळणं लोकांसमोर जायचं नाही.
मी माळ्यावर आहे. म शोधतेय. खालचा.