कानात ओरडून सांगितलेली बातमी

प्रिय ताई,

दार सताड उघडं टाकून लिहायला बसलेय. जिन्यावरून येणारा-जाणारा प्रत्येक जण आत डोकावून जातोय. डोकावू देत मेले! मी सुखरूप आहे, जेवतेय, आणि खोटं कशाला सांगू, गाढ झोपतेयसुद्धा. तो गेला हे तुला कळलंच असेल, साऱ्या जगाला कळलं. पण मला कसं कळलं ते ऐक, कपाळावर हात मारून घेशील.

मी इथे शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करते. ही त्याचीच अक्कल. रोज कामाला जाणारी बाई कुणाच्या डोळ्यावर येत नाही म्हणे. दर वेळी खोली नवी, नाव नवं. या वेळचं नाव काही केल्या अंगवळणी पडेना. मालकीणबाई हाका मारायच्या आणि मी आपली खाली मान घालून दोरा ओवत बसायची. शेवटी त्यांनी ठरवूनच टाकलं, ही बिचारी ठार बहिरी आहे. मीही म्हटलं, बरं झालं, चौकशा टळल्या. तर त्या दिवशी रेडिओवर बातमी लागली. मशिनं थांबली, बायका टाळ्या पिटायला लागल्या. पिटणारच गं. इस्त्रीवालीचा भाऊ त्याने उडवलेल्या पुलाखाली गेला होता. ती कोपऱ्यात हमसून हमसून रडत होती. मालकीणबाईंना माझी दया आली, हिला एकटीलाच काही कळलं नाही म्हणून. त्या लगबगीने आल्या आणि माझ्या नवऱ्याच्या मरणाची बातमी त्यांनी माझ्या कानात बोंबलून सांगितली! वर आनंदाने पाठही थोपटली.

मग बायकांचं सुरू झालं, त्याची बायको कुठल्या बंगल्यात लोळत असेल, सोन्याने मढली असेल. आणि मी पायात बघतेय, तर चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला. मला हसू आवरेना, ताई. हसत हसतच उठले, इस्त्रीवालीजवळ जाऊन बसले, आणि तिथे मात्र रडू फुटलं. त्याच्यासाठी की तिच्या भावासाठी, ते विचारू नकोस.

नवरा म्हणून तो वाईट नव्हता. आपल्याकडे स्थळ आलं तेव्हा साधा भूगोलाचा मास्तर होता, आठवतं? पुढे बाहेर माणसं मारून यायचा आणि घरात माझे दुखरे पाय चेपून द्यायचा. त्याचीच मला जास्त भीती वाटायची. मला दिवस गेले तेव्हा खूश होऊन म्हणाला, हे मूल आपलं नाही, चळवळीचं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, याच्या हाती हे मूल लागू द्यायचं नाही. पुढचं सगळं तुला ठाऊकच आहे.

परवा त्याचा उजवा हात, तो चष्मेवाला, आला होता. म्हणाला, वहिनी, साहेबांचं मूल जगलंय अशी कुजबुज आहे, कुठे असेल तर सांगा, त्याला पुढे उभं केलं की पांगलेली पोरं पुन्हा गोळा होतील. मी म्हटलं, भावजी, मूल जन्मताच गेलं हे तुमच्याहून जास्त कुणाला ठाऊक? ते गाठोडं तुम्हीच पुरलंत ना? त्याने चष्मा काढून पुसला. त्या बापड्याला काय माहीत, त्यात तुझी जुनी शाल होती आणि वजनाला आईचा बत्ता! सुईणबाईंचं डोकं म्हणजे डोकं. तो पुढच्या दारी खड्डा खणत होता आणि तू मागच्या दाराने पोरीला पदराखाली घेऊन निघून गेलीस. बत्त्याची हळहळ मात्र मला अजून वाटते हं. चष्मेवाला पाया पडून गेला. म्हणाला, आता तुम्ही मोकळ्या, इथे कुणी येणार नाही. माझा नवराही मरेपर्यंत तेच खरं मानून होता. वाईट वाटतं का? वाटतं. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

आता मुद्द्याचं. तुझा निरोप पोचला. तब्येत विचारलीस, पांघरूण आहे का विचारलंस, पण पोरीबद्दल अवाक्षर नाही. अगं, मी तुझ्या पाठची आहे. तुला वाटतंय, आता हिची भीती गेली, आता ही लेक मागायला येणार. मी येणार आहे, पण मागायला नाही. तिची दुखणीखुपणी, तिचे हट्ट, तिचे रुसवे जिने काढले तीच तिची आई. मी मावशी. हे पत्र वाचून जाळून टाक आणि निर्धास्त झोप. तिला काही सांगू नकोस. एवढंच सांग, की मावशी शिवणकाम करते, तुला एक छानसा झगा शिवून देणार आहे. माप द्यायला समोर उभं राहावं लागतं, हात वर करावे लागतात, आणि मावशीचा हात पाठीवरून फिरला तर त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माप मी जरा सावकाश घेईन, तेवढं चालवून घे.

तुझीच,
धाकटी