वाकणाचा दगड

आण्णा,

तुमच्या दगडावरचा शब्द मी काल बदलला. तो मुळात चुकला कसा, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

जुन्या घाटात तुम्ही मैलकुली होता. नवरात्रात तुळजापूरला चालत जाणारे लोक घाटात शिरायच्या आत रस्त्याकडेचे दगड चुन्यानं पांढरे करायचे, हे तुमचं काम. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. रस्ता जिथं एकदम मुरडतो तिथल्या मोठ्या दगडावर तुम्हाला अक्षरं हवी होती, म्हणून लाल रंगाचा डबा आणि भाकरीचं फडकं घेऊन तुम्ही मला सोबत नेलंत. "लिही माय, पुढं वाकण हाय." मी विचारलं, "वळण लिहू का?" तुम्ही माझ्या हातातून ब्रश काढून घेतलात. "वळण निराळं. वळणावर समोरून येणारा दिसतो. वाकणावर दिसत न्हाय. वळण वाचून डायवर गाणं म्हणत जातो, वाकण म्हणलं की हॉर्नवर हात जातो त्याचा." घरीही तेच. वाकणात बसू नगं, वाकणात गुरं सोडू नगं. आई म्हणायची, "ह्येन्ला न्हाणीच्या कोपऱ्यावर सुदीक हॉर्न लागतो!"

तुम्ही ब्रश परत दिलात आणि चुना कालवायला गेलात. तो शब्द मला खेडवळ वाटला. एसटीतून कॉलेजातल्या मैत्रिणी जातील, वाचतील, अक्षर माझं आहे हे ओळखतील, एवढंच डोक्यात होतं. मी लिहिलं, 'पुढे तीव्र वक्रता'. तुम्ही आलात, लांबून बघितलंत, जवळून बघितलंत. "ह्यातलं वाकण कुठलं?" मी शेवटच्या अक्षरांवर बोट ठेवलं. तुम्ही ओल्या रंगाला न लावता हवेतच बोट फिरवलंत आणि म्हणालात, "झ्याक काढलंस." तुम्हाला वाचता येत नव्हतं. मला ते माहीत होतं.

मग दर वर्षी तुम्ही त्या दगडाला चुना देत राहिलात. बाकीच्या दगडांना कुंचा, ह्याला जुना दातांचा ब्रश. अक्षरांच्या कडेकडेनं, लालला पांढरं लागू न देता. तुम्ही जाईपर्यंत.

गेल्या महिन्यात तिथं दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या. खरचटण्यावर निभावलं. त्यातला एक आमच्याकडे दूध घालणारा. मी विचारलं, "दगडावर लिहिलेलं बघितलं नाही का?" तो म्हणाला, "ते व्हय? गणिताचं काय तरी असंल म्हणून म्या कधी वाचलंच न्हाय, मॅडम." वाकण लिहिलं असतं तर तो नक्की थांबला असता, असं मी म्हणणार नाही, तो घाईतच होता. कोशातही पाहिलं. वाकण म्हणजे वळण, एवढंच दिलंय. समोरचा दिसत नाही, हा अर्थ तुमचा आणि ह्या रस्त्याचा. पण मला तो माहीत होता, आणि मी तो लिहिला नाही.

काल सकाळी गेले. आधी खरवडावं लागलं. माझ्या अक्षरांच्या कडेला तुमच्या चुन्याचे थर नखापेक्षा जाड झाले होते, ते काढताना हात थांबत होता. तरी सगळं काढलं. 'पुढं वाकण हाय', तुमच्याच उच्चारात, दुरून वाचता येईल एवढं मोठं. आता दर नवरात्राआधी तिथं चुना मी देणार आहे. कुणी विचारलं तर शब्दाचा अर्थही सांगणार आहे.

घरी आले तर आईनं रंगलेले हात बघून विचारलं, "त्येंच्या दगडाला काय केलंस गं?" तिलाही वाचता येत नाही. "काही नाही," मी म्हणाले, "रंग उडाला होता, तेच परत गिरवलं."

आण्णा, तुमच्याशी केलं तेच आईशी परत केलं मी. हे पत्र तुमच्यापर्यंत जायचं नाही. संध्याकाळी आईला वाचून दाखवणार आहे, जसं लिहिलंय तसं.