शिडीचं एक मत

आबा, गावात होते तोवर मी तुम्हाला ‘तू’च म्हणायची. सगळी पोरं आपापल्या बापाला तसंच म्हणत. धुळ्याच्या देवपूरला शिकायला गेले आणि पहिल्या दिवाळीला घरी आले ती ‘तुम्ही’ घेऊनच. तुम्ही गिरणीच्या पट्ट्यावरून मान वर करून पाहिलंत, भुवयांवर पीठ होतं, आणि मायला म्हणालात की पाहुणी आली वाटतं, पाट मांड. मी तेव्हा रागावले होते. आता लिहायला बसले तर ‘तू’ हातातून उतरत नाही, म्हणून ‘तुम्ही’च लिहिते. तेवढं चालवून घ्या.

परवा कुणीतरी मला विचारलं की तुमच्या गावाला छत्रीचं गाव का म्हणतात. जळगाव जिल्ह्याचं शेवटचं टोक, धुळं जवळ, नरडाण्याला जाऊन गाडी धरायची, असं आपलं गाव. त्याला दुसरी कुठली ओळख असण्याचं कारणही नव्हतं. मी म्हटलं, मला नाही माहीत. इतक्या वर्षांनंतरही माझं तोंड आपोआप खोटं बोलतं. त्या माणसाला सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, निदान तुम्हाला तसं वाटत होतं.

आपल्या गावानं लोकसभेला कधी फुटून मत दिलं नव्हतं. आधी पाटील सांगेल तिकडे, पाटील गेल्यावर भाऊबंदकी नको म्हणून देवळात बसून ठरेल तिकडे, पण गठ्ठा एकच. पुढारी आले की आधी तुमच्या गिरणीवर यायचे, कारण दळणाला प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी येतंच. तुम्ही कुणाची बाजू घेत नव्हता. ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ मायच्या पसंतीचं पडलं की नाही, याचीच तुम्हाला जास्त काळजी. पण त्या एका उमेदवारासाठी तुम्ही पहिल्यांदा तोंड उघडलंत. तो कुठल्या पक्षाचा नव्हता, अपक्ष उभा होता. त्याच्याच खटपटीनं आपल्या गावाला सकाळची एस.टी. सुरू झाली होती. त्या एस.टी.नं हायस्कुलात जाणारी गावातली पहिली मुलगी मी. बाकीच्यांना त्यानं एस.टी. दिली होती, आबा, आणि तुम्हाला माझी शाळा दिली होती. तुम्ही ते उपकार म्हणूनच धरलेत. मला तेव्हा ती फक्त गर्दीची, कोंबड्यांच्या पिंजऱ्यांची गाडी वाटायची.

मग खंडोबाच्या देवळात बैठक झाली. घराघरातला कर्ता पुरुष आला होता. बाया बाहेर पाराखाली, आम्ही पोरं त्यांच्याही मागे. लिहिता-वाचता येणारे थोडे, म्हणून नावाचं कुणी बोलतच नव्हतं, सगळं बोलणं निशाणीचं. त्या साली त्याला छत्री मिळाली होती. तुम्ही पुढे झालात, देवापुढचा बेल आणि भंडारा ओंजळीत उचललात आणि म्हणालात की आमच्या घराचं मत छत्रीला. तुमच्यामागे एकेक कर्ता उठला आणि प्रत्येकानं तेच शब्द म्हटले. गर्दीतून मला तुमचा पिवळा झालेला तळहात तेवढा दिसला होता. घरी आल्यावर तुम्ही हात धुतले नाहीत, तसेच जेवलात. गाव शब्दाला जागलं. माणूस मात्र पडला. थोडक्यात पडला, म्हणून त्याला उमेद राहिली आणि पुढच्या निवडणुकीला तो पुन्हा उभा राहिला.

तोवर मी देवपूरला अध्यापक विद्यालयात होते. मतदानाचं वय अठरावर आलेलं, माझं नाव पहिल्यांदाच यादीत लागलं होतं आणि वसतिगृहातल्या मुलींना ते मी दहादा ऐकवलं होतं. गावी आले तर गिरणीवर निराळंच चाललेलं. अपक्षाला दर वेळी निशाणी नवी मिळते. या खेपेला त्याच्या वाट्याला शिडी आली होती आणि छत्री गेली होती तिकडच्या कुठल्याशा तालुक्यातल्या, आपल्यापैकी कुणीच न पाहिलेल्या एका माणसाला. तुम्ही दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला समजावत होता की माणूस तोच आहे, निशाणी बदलली एवढंच. लोक मान हलवायचे, डबा डोक्यावर घ्यायचे आणि जायचे. शेवटी वरच्या आळीतल्या आजीनं, जिनं तुम्हाला उघडं-नागडं खेळवलं होतं, मनातलं बोलून दाखवलं. “आबा, तू आमले सांगस, पन देवले कोन सांगी?”

तुम्ही पट्टा उतरवलात. गिरणी थांबली की किती शांत होतं ना, सगळी आळी ऐकायला लागते. कुणीतरी म्हणालं, पुन्हा बैठक बोलवा, पुन्हा बेल उचला, यंदा शिडीच्या नावानं. तुम्हाला ते पटलं नाही. देवापुढे एकदा बोललेलं दुसऱ्यांदा उलट बोलायचं म्हणजे देवाला बाजारात उभं करणं, असं काहीसं तुम्ही म्हणालात. तुमचं म्हणणं, पहिला बेल मी उचलला म्हणून मी बांधलेलाच, मी छत्रीलाच मत देणार, पण तुम्ही सुटे. “तुम्ही शिडीवर मारा. जे पाप व्हई ते मना माथावर.” असं म्हणून तुम्ही खरंच दोन्ही हात डोक्यावर ठेवलेत. सगळ्यांना मोकळं करावं म्हणून ठेवलेत. पण आबा, त्या गावात तुमच्या डोक्यावर पाप ठेवायला कोण धजावणार होतं? पावसाळ्यात वीज नसली की हाती जातं फिरवून बाळंतिणीच्या घरचं दळण देणारा माणूस तुम्ही. तुम्ही ते वाक्य बोललात तिथेच ती निवडणूक संपली. मी जवळच उभी होते, शिकलेली होते, आणि मलाही ते कळलं नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेत मोठी रांग. मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं. मास्तरांनी बोटाला शाई लावली, मतपत्रिका दिली, आधी उभी मग आडवी घडी घाला म्हणून सांगितलं, आणि मी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले. रात्री जेवताना तुम्ही मला विचारलंत, शिक्का कुठे मारला. तुमच्या आवाजात जरब नव्हती, नुसती उत्सुकता. मी म्हटलं, शिडीवर. तुमच्या हातातला घास तसाच राहिला. मग तुम्ही मायकडे पाहून म्हणालात की चला, या घरातलं एक तरी माणूस शहाणं निघालं. माय तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं पाहिलंही नाही.

निकालानंतर त्याची माणसं आली ती जीपमधून, गिरणीच्या दारात. पुन्हा थोडक्यात पडला होता, आणि आपलं गाव मागच्यासारखं त्याच्या पाठीशी राहिलं असतं तर पडला नसता. त्यांच्यातला एक जण मतमोजणीच्या टेबलावर बसला होता. आपली पेटी त्याच्या डोळ्यांसमोर उघडलेली. त्यानं सगळ्या गावासमोर सांगितलं की छत्रीचा गठ्ठा हातात मावत नव्हता. “आणि शिडीला एक. एकच मत. किती घेतले, आबा?” पैसे घेतले का, असं तुम्हाला विचारलं. कुणी विचारू शकेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तुमचे ओठ हलले, पिठात माखलेले हात तुम्ही धोतराला पुसलेत आणि पुसतच राहिलात.

आणि तेव्हा मी बोलले. ते बोलणं मी पुष्कळ वर्षं थोडं सौम्य करून आठवत आले आहे, पण आज जसं होतं तसंच लिहिते. मी म्हटलं, “अडाण्यांच्या हातात मत दिलं की असंच होणार. तुम्ही यांना देवाच्या नावानं गुरांसारखं बांधलंत, आबा. तुम्हाला लाज वाटायला पाहिजे.” जीपमधल्या माणसांसमोर. आजीसमोर. शुद्ध देवपुरी मराठीत. ते लोक हसले, त्यांतला एक म्हणाला की पोरगी शिकलेली दिसते. मला, खोटं कशाला बोलू, ते ऐकून बरं वाटलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता तुम्ही मला सगळ्यांदेखत झापाल, आणि झापलं असतंत तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण तुमच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. माझ्याकडे बोट करून त्या माणसाला तुम्ही म्हणालात, “ते एक मत मनी पोरनं शे.”

मी गप्प राहिले.

पुढे तो छत्रीवाला माणूस आल्याची गंमत तर तुम्हाला आठवतच असेल. बिचारा निवृत्त कारकून, हौसेखातर उभा राहिलेला, स्वतःच्या गावात मतं पडली नाहीत आणि आपल्याकडे ढिगानं पडली म्हणून हार घेऊन आभार मानायला आला. कोणाच्या गळ्यात घालावा ते त्याला समजेना. तुम्ही त्याला भरीत-भाकरी खाऊ घातलीत. आमच्यावर एवढं प्रेम कशामुळे, असं त्यानं हात जोडून विचारलं तेव्हा तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, “आमना गावले ऊन फार लागस.” सगळी गिरणी हसली. मीही हसले. पण तो गेल्यावर तुम्ही तो हार देवळात नेऊन दिलात आणि बराच वेळ परत आला नाहीत.

धुळ्यात ही गोष्ट माझ्याआधी पोचली. वसतिगृहात मुली विचारायच्या, ते छत्रीचं गाव तुझ्याच बाजूला ना. मी म्हणायची, त्याच्या पलीकडचं आमचं. इकडे मी तुमचं गाव नाकारत होते आणि तिकडे तुम्ही माझं मत मिरवत होतात. लग्नाची बोलणी करायला पहूरची मंडळी आली तेव्हा हुंड्याचं बोलायच्या आधी तुम्ही ते सांगितलंत. सासऱ्यांना काय त्याचं! नंतर त्या नव्वदच्या दशकात लोकसभेच्या निवडणुका एकामागून एक लागल्या, सरकार आज आहे उद्या नाही असं झालं. आपल्या गावाचा गठ्ठा फुटला तो फुटलाच. घरागणिक झेंडा निराळा झाला आणि कुणी पुन्हा बेल उचलला नाही. प्रचाराची गाडी आळीत शिरली की तुम्ही गिरणी चालू करायचात, दळण असो वा नसो. भोंगा काय म्हणतो ते कुणाला ऐकू यायचं नाही. तो माणूस पुन्हा उभा राहिला नाही. एस.टी. मात्र येत राहिली.

तुमचं शेवटचं आजारपण धुळ्याच्या दवाखान्यात गेलं. मी पहूरहून येऊन-जाऊन होते. डॉक्टर तपासायला आले की तुम्ही माझा हात धरून सांगायचात, “बठ्ठा गाव एकीकडे, नि ही एकली एकीकडे.” डॉक्टरांना वाटायचं, मुलगी घरच्यांशी भांडून बापाची सेवा करते आहे. ते माझ्याकडे कौतुकानं पाहायचे. आबा, त्या खोलीत आपण दोघंच असताना मला किती वेळा सांगता आलं असतं. एकदा तर मी सुरुवातही केली. तुम्ही म्हणालात, पाणी दे. मी पाणी दिलं, आणि सुटल्यासारखी बाहेर आले.

तुमचे दिवस झाल्यावर मायनं मला मागच्या दाराशी बसवलं. आम्ही दोघी लसूण सोलत होतो. खाली मान घालूनच ती म्हणाली, “ते मत मनं व्हतं.” मला समजलं नाही असं दाखवायचा मी प्रयत्न केला. ती पुढे सांगत राहिली, “बेल तुना आबानी उचला व्हता. बायासले कोनी इचारं व्हतं? माले कसानी शपथ?” मग तुला एस.टी. कोणी दिली ते माझ्या ध्यानात होतं, एवढंच ती म्हणाली. मी विचारलं की मग आबांना कधी सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, “त्याले तुना अभिमान व्हता. मी कसाले मोडू?” मी कुठे मारला, ते तिनं मला विचारलं नाही. पेटीत शिडीचं एकच मत होतं. तिला विचारायची गरजच नव्हती, ती हे त्याच दिवसापासून जाणत होती, जीप दारात होती तेव्हाही, मी तुम्हाला लाज वाटायला पाहिजे म्हणाले तेव्हाही.

मी छत्रीवर मारला, आबा. शिक्का शिडीवर टेकवणारच होते. तुमचे डोक्यावर ठेवलेले हात दिसले आणि माझा हात सरकला. तुमच्यावर पाप नको म्हणून, असं म्हणायला मला आवडेल. म्हटलंही आहे स्वतःशी पुष्कळदा. पण खरं सांगायचं तर मी भ्याले होते. वरच्या आळीतली आजी भ्याली तितकीच. ती निदान तोंडावर बोलली. मी भ्याले, खोटं बोलले आणि वर तिलाच अडाणी म्हणाले.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. मायही आता नाही. गिरणीच्या जागी माझ्या भाच्यानं मोबाइलचं दुकान काढलंय. माझी मुलगी यंदा पहिल्यांदा मत देणार आहे, आता मशीनवर बटण दाबायचं. परवा तिनं तुमच्याबद्दल विचारलं, तेव्हा मी तिला छत्रीची सगळी गोष्ट सांगितली. बेल, आजी, जीप, ऊन फार लागतं ते, सगळं. ती खूप हसली, मग म्हणाली, “आई, आणि तू?”

मी तिला म्हटलं, शिडीवर.