शिट्टी वाजल्यावर कुठे बघायचं

९ जानेवारी

बटाटे कच्चे राहिले! आणि दोष माझा नाही. नात आतल्या खोलीत शिट्टीचा सराव करत होती, कुकर इथे ओट्यावर. मी तिच्याच शिट्ट्या कुकरच्या धरल्या आणि गॅस बंद केला. सूनबाईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "आई, हे कुणी शिजवलं? पंचांनी?" हसून हसून डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

नात म्हणजे आमची शिडी. नाव वेगळं आहे, पण माळ्यावरचा डबा नुसता हात वर करून काढते, तेव्हापासून शिडीच. आधी बास्केटबॉल खेळायची. मग म्हणाली, आता खेळायचं नाही, खेळवायचं. पंच व्हायचं. मला तर फार आवडलं! आमच्या हाकेला कधी बस थांबली नाही, आणि हिच्या एका शिट्टीला दहा जणी जागच्या जागी!

पण परीक्षा दोनदा दिली आणि दोनदा नापास झाली. दुसऱ्या खेपेला तर निर्णय दिला, अख्खा हॉल ओरडला आणि हिने तो फिरवला. परीक्षकबाईंनी शेरा मारला – निर्णय टिकत नाही. आता तिसरी परीक्षा पुढच्या महिन्यात. सूनबाईने सांगून टाकलंय, "या खेपेला नाही झालं तर शिट्टी खुंटीला. मी कामाला जाते त्या दवाखान्याच्या काउंटरवर बसायचं." शिडी काउंटरवर! पेशंटला तिचं तोंड तरी दिसेल का वर बघून?

१२ जानेवारी

शिडीला शिकवणारे मास्तर घरी आले होते. जुने पंच आहेत. त्यांचा गुडघा असा वाजतो की ते जिन्यात असतानाच कळतं कोण येतंय. मी मनातल्या मनात त्यांना गुडघेमास्तर म्हणते. एकदा चुकून मी त्यांच्या तोंडावरच तसं म्हटलं. रागावले नाहीत. "वाजतंय तोवर चालतंय," म्हणाले.

मास्तरांचं म्हणणं असं की हिचे डोळे बॉलच्या मागे पळतात. "पंच दोन कशाला असतात गं? एकाने बॉल बघायचा, दुसऱ्याने बाकीच्या पोरी. जोडीदार बघतोय ना बॉल? मग तू कशाला बघतेस, फुकटची प्रेक्षक? तुझ्या वाटणीचं कोर्ट बघ. बॉलने आजवर कुणाला ढकललेलं नाही!"

खरंच की! बॉल बिचारा गोल, तो काय ढकलणार.

दुसरं म्हणजे उभं कुठे राहायचं. दोन पोरींच्या मधली फट दिसली पाहिजे. फट दिसली तरच कळतं हात लागला की नाही. मागून बघितलं तर नुसती पाठ. मी म्हटलं, हे तर सोपं आहे. मास्तर म्हणाले, "आजी, त्या पोरी तुमच्यासारख्या एका जागी उभ्या राहत नाहीत हो."

१३ जानेवारी

नवा सराव काढला. मी ओट्यासमोर उभी राहून बटाटे या हातातून त्या हातात उडवायचे. शिडीने समोर थांबायचं, बटाट्याकडे बघायचंच नाही, आणि माझ्या मागे सूनबाई काय करतेय ते सांगायचं.

"आई फोडणी टाकतेय. आई मीठ घालतेय. आई परत मीठ घालतेय – फाउल! फाउल!"

सूनबाई डाव घेऊन तिच्यामागे धावली. पण भाजी खरंच खारट झाली होती! पोरीला दिसलं बरोबर. बटाटा तेवढा माझ्या अंगठ्यावर पडला. सुजलाय. असू दे.

१७ जानेवारी

बसस्टॉपवर दोन बायका भांडत होत्या. त्यांच्या मधली फट बघायला शिडी वाकडी झाली. त्या भांडण टाकून हिच्यावरच घसरल्या!

२० जानेवारी

आज सरावाचा सामना. गुडघेमास्तरांनी माझ्या हातात फोन दिला. "आजी, सामना टिपून ठेवा. म्हणजे हिच्या चुका हिला दाखवता येतील. हात हलवू नका फक्त."

मी श्वाससुद्धा हळू घेतला. हात जरा म्हणून हलला नाही. उद्या सगळे बघायला बसणार. चहाबरोबर काहीतरी गोड करावं म्हणते.

२१ जानेवारी

काय सांगू! फोनवर सामना लावला. सगळे पुढे सरकून बसलो.

"बॉल कुठाय?" मास्तर.

"असेल की तिथेच," मी.

"आणि खेळणाऱ्या पोरी?"

"ते बघा, एक कोपर आलं. गेलं बघा."

अख्खा सामना नुसती शिडी! शिडी पळतेय, शिडी घाम पुसतेय, शिडी बूट बांधतेय. सूनबाई हसता हसता सोफ्यावर आडवी झाली. मास्तर म्हणाले, "आजी, सामना टिपायला सांगितला होता." आता मला सांगा, मी कुणाला बघायला गेले होते?

पण मग मास्तर पुढे वाकले. मागे नेऊन परत लावलं. परत मागे. म्हणाले, "शिट्टी वाजवल्यावर ही कुठे बघते, बघा."

शिट्टी वाजते, हात वर जातो, आणि शिडीचे डोळे सरळ फोनात. दर वेळी!

"माझ्याकडे!" मी म्हटलं. ऊर भरून आला हो माझा.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "आणि तेव्हा तुम्ही काय करता?"

काय करते म्हणजे? निर्णय पटला तर मान हलवते. नाही पटला तर भुवया वर करते. एवढं तर कुणीही करतं.

मास्तर शिडीकडे वळले. "मागच्या परीक्षेत निर्णय फिरवलास तो लोक ओरडले म्हणून?"

शिडी आपल्या बुटांकडे बघत म्हणाली, "लोकांचं काही नाही सर. आजीच्या भुवया वर गेल्या होत्या."

सगळे माझ्याकडे वळले. अगं पण मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही! त्या दिवशी माझ्या शेजारच्या माणसाने पाय दिला होता पायावर!

२२ जानेवारी

लहानपणापासूनची सवय आहे तिची. दप्तर भरलं की – आजी, बरोबर ना? वेणी घातली की – आजी, बरोबर ना? दुकानात बूट पायात घालून आधी माझं तोंड बघायची. मला आवडायचं ते. खोटं कशाला लिहू, अजून आवडतं. घरात दुसरं कोण विचारतं मला काही? सूनबाई तर मीठसुद्धा विचारून घालत नाही.

मास्तरांना म्हटलं, मी परीक्षेला येतच नाही. ते म्हणाले, "मुळीच नको. ती रिकाम्या खुर्चीकडे बघत बसेल. या तुम्ही. पण चेहरा भिंतीसारखा ठेवा."

२६ जानेवारी

भिंतीचा सराव आरशासमोर केला. भुवया खाली, तोंड बंद, मान ताठ. शेजारची शिंपीणबाई ब्लाउज द्यायला आली, माझं तोंड बघितलं आणि किंचाळलीच – "काकू, हात उचलता येतोय का? बोला काहीतरी!" तिला वाटलं मला झटका आला. पाणी पाजल्याशिवाय गेली नाही. तिलाही बसवून चहा पाजला, मग दोघी मिळून भिंत झालो. तिला तर हसूच आवरेना.

१ फेब्रुवारी

परत सरावाचा सामना. आज मी थोडा खेळही बघितला. मजा असते की! उगाच इतके दिवस शिडीकडेच बघत बसले.

एका पोरीला धक्का लागला. मी मनात म्हटलं, वाजव! शिडीने शिट्टी दातांत धरली आणि वाजवलीच नाही. पोरगी डगमगली, सावरली, बॉल टाकला, गेला आत. नंतर मास्तर खूश. बघायचं, थांबायचं, मग वाजवायचं असं असतं म्हणे. धक्क्याने खेळ बिघडला तरच शिट्टी. नाहीतर वाजवून तिचं बास्केटच बुडालं असतं.

माझ्याकडे एकदाच बघितलं. मी छताच्या पंख्याकडे बघत होते. भिंत!

६ फेब्रुवारी

उद्या परीक्षा. सूनबाईने पंचांचा तो करडा शर्ट इस्त्री केला, घडी मोडली, परत केला. काउंटरवर बसवणारी हीच ना? मी भुवयासुद्धा हलवल्या नाहीत.

७ फेब्रुवारी

लिहायला हात होत नाही. पण लिहिलं नाही तर झोप यायची नाही.

हॉल गच्च भरलेला. परीक्षकबाई टेबलाशी, चष्मा नाकावर. मी तिसऱ्या रांगेत, सूनबाई शेजारी. भिंत म्हणजे कशी – नवी बांधलेली! शिडी काय सुरेख पळत होती. बॉल तिकडे गेला की ही इकडच्या पोरी बघते. मान सारखी फिरतेय. माझ्याकडे एकदाही नाही. मला थोडं लागलं, पण बरंही वाटलं.

मग माझंच लक्ष खेळात गेलं. लाल शर्टवाल्यांत एक बारकी, लांब वेणीची पोर होती. चिवट. सगळ्या धिप्पाड पोरींतून उंदरासारखी निसटायची. मी कधी तिच्या बाजूची झाले कळलंच नाही. अगदी शेवटी लाल एका पॉइंटने मागे. वेणीवालीला बॉल मिळाला. समोर कुणीच नाही! टाकला – गेला आत! हॉल उठला, मीपण उठले, सूनबाईला मिठी मारली.

आणि शिट्टी. शिडीची.

बास्केट धरलं नाही. म्हणे त्याआधीच पलीकडे दुसऱ्या लाल पोरीने समोरच्या संघातल्या एकीचा शर्ट मुठीत धरून ठेवला होता. वेणीवालीला अडवायला जाणारी तीच होती, म्हणून समोर कुणी नव्हतं. कुणी बघितलं हे? आम्ही सगळे बॉल बघत होतो!

मला काय झालं देव जाणे. भिंत कोसळली. मी पायऱ्या उतरून थेट रेषेपाशी. "अगं ए शिडे! डोळे आहेत की बटणं? फिरव तो निर्णय! मी सांगतेय ना, फिरव!" माझा आवाज म्हणजे तुम्हाला माहीत – म्हणजे कुणाला माहीत, वहीलाच. ओरडणारा सगळा हॉल चिडीचूप. माझं एकटीचं चालू. हातातली पर्स हवेत.

शिडीने मान वळवली नाही. टेबलाकडे तोंड, हात तेवढा माझ्या दिशेने लांब केला. म्हणाली, "या बाईंना बाहेर न्या. त्या गेल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही."

या बाईंना!

पाणी देणारा पोरगा दंडाला धरून घेऊन गेला. फार अदबीने. बाहेर पॅसेजमध्ये फरशी पुसायच्या बादलीजवळच्या स्टुलावर बसवलं. दार लागताना बघितलं – परीक्षकबाई मान खाली घालून काहीतरी लिहीत होत्या. भराभरा.

८ फेब्रुवारी

लाल हरले. काल शिडी घरी येऊन सरळ खोलीत गेली. मी दाराशी गेले तर म्हणाली, "आजी, आज नको." सूनबाई म्हणाली, "आई, एवढं कुणी करतं का हो? अख्खा खेळ थांबवलात तुम्ही. पंचाच्या घरचंच माणूस धिंगाणा घालतंय म्हटल्यावर त्या बाई काय पास करतील?" काउंटरसाठी तिने मोठ्या डॉक्टरांना विचारूनसुद्धा ठेवलं.

बटाटे चिरत बसले.

११ फेब्रुवारी

पास!!

परीक्षकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, मला एवढंच बघायचं होतं, हॉल ओरडल्यावर निर्णय टिकतो का. "त्या आरडाओरड करणाऱ्या बाईंचे आभार मानायला हवेत, कोण होत्या?" शिडीने सांगितलं. बाईंनी म्हणे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मी शिडीला म्हटलं, एवढं मला बाहेर घालवलंस, एकदा वळून तरी बघायचंस. आवाज ओळखला नाहीस का गं?

म्हणाली, "ओळखला ना आजी. म्हणून तर बघितलं नाही. बघितलं असतं तर बास्केट दिलं असतं."