‘ह्यांना टेन्शन नको’

७ मार्च १९९६
घरी आलो! अ‍ॅटॅकनंतर बारा दिवस दवाखान्यात. निघताना डॉक्टर दोन गोष्टी बोलले – टेन्शन नको, आणि माणसांत ठेवा. घरच्यांनी पहिलीच ऐकली. दुसरीच्या वेळी सगळे चपला शोधत होते.
मुलाने, दिपेशने, फोनची वायर काढली. टीव्ही त्याच्या खोलीत नेला. बायको, गोजरा, दारात खुर्ची टाकून बसली. चेकनाक्यावर बसतात तशी.

८ मार्च
सूनबाई – नमिता – पेपर आधी स्वतः वाचते. वाईट बातम्या कात्रीने कापते, मग मला देते. आज सात भोकं! पान उभं धरलं तर भोकातून समोरची भिंत दिसली. राशिभविष्यही कापलंय. म्हणजे काय समजायचं?

१० मार्च
दत्तू आला. सारसोळ्याचा, शाळेपासूनचा दोस्त. गोजराने दारातच बजावलं, "पाच मिनटा. फक्त चांगला बोला."
बिचारा बसला. घाम पुसला. चांगलं काही सुचेना. शेवटी म्हणाला, "पंखा मस्त हाय."
पाच मिनिटं संपली! मयताला आलेले लोकही ह्यापेक्षा जास्त बोलतात.

११ मार्च
कोणी नाही.

१२ मार्च
कोणी नाही. खाली ओट्यावर हौसेराव मोठ्याने हसत होता. भाडेकरू माझा, ओटा माझा – आणि मी दुसऱ्या मजल्यावर! डॉक्टरकडे जाणं सोडलं तर जिने उतरायला महिनाभर बंदी.
छातीत दुखत नाही. पण आत काहीतरी रिकामं रिकामं वाटतं. सांगू कुणाला? सांगितलं तर परत अ‍ॅडमिट करतील.

१४ मार्च
काल वर्ल्डकपची सेमीफायनल होती. दिपेशला विचारलं. "जिंकलो, बाबा!" म्हणाला आणि आंघोळीला पळाला. सकाळपासून दुसरी आंघोळ.
आज पेपरच्या फक्त कडा आल्या.

१७ मार्च
आज फायनल. आपली! राहवेना. गॅलरीतून ओरडलो, "हौसेराव, स्कोअर काय?"
त्याने वर बघितलं. "कुणाचा, मालक? लंकेचा का ऑस्ट्रेलियाचा?"
"आपण कुठे आहोत?"
"आपलं बुधवारीच आटपलं की!"
मग त्याने सगळं सांगितलं. विकेटी कशा धडाधड पडल्या, लोकांनी बाटल्या फेकल्या, मॅच कशी थांबली. मी शिव्या घातल्या. त्यानेही घातल्या. दोन मजल्यांच्या अंतरावरून, चांगला अर्धा तास! गोजरा मागे रडवेली उभी – "बास करा हो, बास करा."
मेलो नाही. रात्री तीन भाकऱ्या खाल्ल्या.

२० मार्च
चेकअप. डॉक्टरांनी विचारलं, "लोकांत बसता ना?"
म्हटलं, "बसतो. पाच मिनिटं. पंख्यावर चर्चा होते."
ते दिपेशकडे वळले. "माणूस एकटा पडला की हृदयालाही त्रास होतो. गोळ्या देता तशी माणसं द्या ह्यांना. रोज."
संध्याकाळी फोनची वायर जागेवर! दत्तू आला आणि दीड तास नुसतं वाईट बोलला. गावातलं एक भांडण सोडलं नाही. काय सुख!
गोजराने मात्र दारातली खुर्ची उचलली आणि आत जाऊन पडली. जेवली नाही. रागावली असेल.

२१ मार्च
औषधाच्या चिठ्ठीमागे लिहितोय, वही घरी राहिली. पुन्हा दवाखाना – ह्या वेळी मी बाकड्यावर, गोजरा कॉटवर. मला अ‍ॅटॅक आला त्या दिवसापासून तिच्याही छातीत कळा येत होत्या. मला टेन्शन नको म्हणून बोलली नाही. आणि तिला कुणी विचारलंच नाही – मीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.
बाहेर दिपेश सगळ्यांना बजावतोय, "आईशी कोणी बोलायचं नाही!"
मी आत गेलो. दार लोटलं. तिने डोळे उघडले.
"बसा. लय सांगायचा हाय."