तुझा गुडघा मी पडद्यावर पाहिला

प्रिय अनसूया,

आज सूनबाई धानाचा रोवणा, रोपांची लावणी, करता करता बांधावर गुडघा धरून बसली. शेजारीण बिबा तापवायला निघाली, तिला मी काठी आडवी लावली. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय.

तुझाही पाय असाच चिखलात रुतला होता ना? अंग वळलं, पाय वळला नाही आणि कट्‌कन वाजलं. पुढे गुडघा अडकायचा. मुठीने ठोकून तो मोकळा करायचीस अन् पुन्हा धानाच्या बांधीत उतरायचीस. बिब्याचे चटके मीच दिले तुला! वर शाळेतल्या कविता म्हणत फुंकर घालायचो. केवढी माया करतोय असं वाटायचं मला. तू एकदाच चंद्रपूरच्या डॉक्टरचा विषय काढलास, तर मी म्हणालो, आता वय झालं. भांडली का नाहीस गं?

तू तापाने गेलीस. तिरडीवरही तो पाय सरळ झाला नाही.

यंदा मोहफुलं वेचताना उकिडवा बसलो होतो. उठलो, तर माझ्या गुडघ्यात तोच आवाज! चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सांगितलं, तर आपला विलास माझेच शब्द मला ऐकवू लागला. "बाबा, या वयात ऑपरेशन काऊन? आता कोन्ता रोवणा कराचा हाये तुमाले?"

"रोवणा नाई कराचा. तुह्या मायचं दुखणं काय होतं, ते पाहाचं हाये."

आणि पाहिलं. कमरेखाली बधिर केलं, दोन बारीक छिद्रं पाडली, एकातून दुर्बीण आत. समोरच्या पडद्यावर दोन हाडांमधली गादी दिसली, ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी. कडेला फाटून आत दुमडलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हीच अडकते. काढायची गरज नाही, शिवता येईल. आतल्या आत टाके पडत होते आणि मी तिसरीतली नदीची कविता म्हणत होतो. दुसऱ्या कडव्याला आवाज फुटेना. नर्सला वाटलं, दुखतंय. दुखत नव्हतं. एवढ्याशा फाटीला मी तुझं वय म्हणत आलो होतो!

आता विलास म्हणतो, रोवणा आटपू दे, मग बघू. सूनबाई म्हणते, "राहू द्या मामाजी, बरं वाटून राह्यलं." तूही हेच म्हणायचीस. तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकायचो.

या वेळी नाही. उद्या पहिल्या गाडीने तिला चंद्रपूरला नेतोय. विलास रागावेल, रागावू दे. बांधी अर्धी राहील, राहू दे. तुझी शपथ, तपासल्याशिवाय तिला चिखलात उतरू देणार नाही.

तुझा, उशिरा शहाणा झालेला,
माधव