गेटसमोर चालू गाडी

४ नोव्हेंबर, मंगळवार
कार्मेलिना देवबागला माहेरी गेली त्याला आज बारा दिवस. हवापालट. भांडण झालं असं मी म्हणणार नाही, कारण बोलत एकटा मीच होतो. जाताना एवढंच म्हणाली, "माझा कोण आयकता हंय?" गैरसमज. दूर होईल.
योजना: रविवारी चर्चमधली मिसा झाली की गाडी घेऊन जायचं. गेटसमोर थांबायचं, पण इंजिन चालू. बंद करून आत गेलो तर माफी मागायला आलो असं दिसतं. चालू असलं की सहज आलो असं दिसतं.

९ नोव्हेंबर, रविवार
देवबागपर्यंत गाडी मस्त पळाली. गेटसमोर थांबली, थरथरली, बंद. मेव्हणा क्लाइव्ह वळणापर्यंत ढकलत आला, तेही हसत. कार्मेलिना सोप्यातून बघत होती. तिने हात वर केला. मला बोलावते आहे असं वाटलं. केस सारखे करत होती.

११ नोव्हेंबर
तीस वर्षं हायस्कुलात सायन्स शिकवलं आहे मी. माझं निदान: स्पार्क प्लग. बाबली मेकॅनिक म्हणाला, "मास्तर, जरा गप ऱ्हवा. माका इंजिन आयकूचा आसा." त्याला थिअरी कच्ची आहे. सगळे प्लग बदलायला लावले.

१२ नोव्हेंबर
प्लग नव्हते.

१४ नोव्हेंबर, सकाळी
थ्रॉटल साफ करून घेतला. तरी भरडाच्या नाक्यावर दोनदा बंद पडली. पळते बरी, थांबली की मरते. बाबली काही सांगू बघत होता, पण मुद्दा माझ्या आधीच लक्षात आला होता. कुठला ते आता आठवत नाही.
निश्चय: कमी बोलणे. हे बाबलीला अर्धा तास समजावलं.

१४ नोव्हेंबर, दुपारी
एकट्यासाठी पेज शिजवली. घर खायला उठतं. फोन लावला. तिने हॅलो म्हणताच थ्रॉटलचं सगळं सांगितलं. पलीकडून काहीच नाही. रेंज गेली असावी.

१६ नोव्हेंबर, रविवार
गेटसमोर पुन्हा बंद. या वेळी ती स्वतः आली. बॉनेट उघडायला लावलं. म्हणाली, "सुरू कर. आणि गप ऱ्हव."
राहिलो. तिने कान लावला, वाकून एका काळ्या रबरी नळीवर बोट दाबलं. थरथर थांबली. नळीला चीर होती. "मे महिन्यात सांगितलंय तुका, फुसफुस आवाज येता." मिक्सरच्या वायरला लावतात ती टेप आणून गुंडाळली. बाबलीचे चार दिवस, हिची दोन मिनिटं.
मग पदराला हात पुसत माझ्या खिडकीशी उभी राहिली. मी काहीतरी विचारीन म्हणून थांबली होती, हे आता कळतं. मी तिला व्हॅक्यूम लीक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. दहा मिनिटं. तिने सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाली, "बरां. आता बंद पडूची नाय. जा."
आलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी साडेसहा
गाडी अंगणात चालू ठेवून आतच बसलो आहे. थरथर नाही, आवाज नाही. मे महिन्यात ती आणखी काय काय सांगत होती ते आठवून बघितलं. एकही वाक्य आठवेना. रडू आलं.
गाडी बंद पडायची वाट बघितली. पडली नाही. शेवटी मीच किल्ली फिरवली.